शहरापासून लांब, स्वस्त उपनगरात घर घेऊन रोज अपडाऊन करणं झेपतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: शहरातल्या एका खोलीच्या पैशात लांबच्या उपनगरात दोन खोल्या मिळताहेत, नवरा-बायको दोघांच्या नोकऱ्या शहरात, मूल लहान, आणि बिल्डर ‘गाडीने फक्त 50 मिनिटं’ म्हणतोय. घ्यावं का?

मी अशाच ठिकाणी अकरा वर्षं राहते आहे. घर घेतल्याचा पश्चात्ताप नाही. घेताना हिशेब मात्र साफ चुकला होता, आणि तुमचाही त्याच जागी चुकताना दिसतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ती 50 मिनिटं खोटी नसतात, पण ती स्टेशनपासून स्टेशनपर्यंतची असतात. आमचं घर दाखवायला आलेला एजंट मोटारसायकलवर आला होता. तो स्वतः कुठे राहतो हे विचारायला हवं होतं, ते तेव्हा सुचलं नाही.

राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात वैतागून मी एक वही केली. घराला कुलूप लावलं ती वेळ आणि ऑफिसच्या खुर्चीत टेकले ती वेळ, एवढंच लिहायचं. बावीस दिवस लिहिलं. सगळ्यात चांगला दिवस 1 तास 20 मिनिटांचा, सगळ्यात वाईट 2 तास 35 मिनिटांचा. सरासरी काढली तर 1 तास 40 च्या आसपास. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, पावणेदोन तास धरू.

तिथेच फसले. सरासरी धरून निघालं की महिन्यातले कितीतरी दिवस उशीर ठरलेला, आणि आमच्याकडे तीन उशिरांना अर्धी रजा कापत. मग निघायचं वाईट दिवसाचा अंदाज धरून, म्हणजे दोन तास आधी. चांगल्या दिवशी त्यातली चाळीस मिनिटं वाचतात, पण ती ऑफिसच्या बंद दारासमोर जिन्यात बसून वाचतात. घरी असती तर झोपेची असती. आणि 2 तास 35 मिनिटांच्या दिवशी एवढं करूनही उशीर होतोच. या जिन्यातल्या चाळीस मिनिटांचा राग मला प्रवासापेक्षाही जास्त यायचा.

म्हणून अंतर किती, हे दुसऱ्या नंबरला विचारा. आधी बघा की रोजच्या वेळेत चढउतार किती आहे. गाडी त्या स्टेशनातून सुटते की मागून भरून येते? गाड्या किती वेळाने आहेत? दर 10 मिनिटांनी धीमी गाडी असलेलं स्टेशन मला दर 40 मिनिटांनी जलद गाडी असलेल्या स्टेशनपेक्षा केव्हाही बरं वाटतं, कारण पहिल्या ठिकाणी गाडी चुकली तर दहा मिनिटं जातात आणि दुसरीकडे सकाळ जाते. मार्ग बंद पडला तर दुसरा रस्ता आहे का? रात्रीची शेवटची गाडी कितीची? आमची शेवटची गाडी माझ्या ऑफिसातल्या प्रत्येक निरोप समारंभात माझ्याआधी ठरवायची की मी कधी उठणार.

हा जिन्यातला ताटकळा माझा शोध नाही, हे पुढे वाचनात आलं. (गाडीत वाचायला वेळच वेळ असतो, हा एक फायदा लिहून ठेवा.) लंडनमध्ये ग्रेट ईस्टर्न रेल्वेने आपली लाइन शहरातल्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनपर्यंत आत आणली, तेव्हा वाटेतली कामगारांची घरं पाडली गेली. त्या बदल्यात 1864 च्या कायद्याने कंपनीवर एडमंटन आणि वॉल्थमस्टो या उपनगरांपर्यंत कामगारांसाठी स्वस्त गाड्या चालवायची अट आली. 1883 च्या चीप ट्रेन्स ॲक्टने तसली सक्ती बाकीच्या रेल्वे कंपन्यांवरही केली, आणि त्या बाजूला स्वस्त घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. पण स्वस्त तिकीट चालायचं ते पहाटेच्या गाड्यांना. कामं उघडायची नंतर. मग लोक भल्या पहाटे शहरात उतरून तासभर रस्त्यावर ताटकळत उभे. जिना तेवढा माझा.

शब्दाचीही गंमत आहे. इंग्रजीतला ‘कम्यूटर’, म्हणजे रोज कामाला ये-जा करणारा, हा शब्द अमेरिकेतल्या रेल्वेच्या ‘कम्युटेशन तिकिटा’वरून आला, म्हणजे रोज येणाऱ्याला भाडं कमी करून दिलेला पास. कोर्टात शिक्षा कमी करतात तिथेही ‘कम्यूट’ हाच शब्द. आमच्या डब्यातल्या एका वकीलबाईंनी हे सांगितलं तेव्हा उभ्या असलेल्या सगळ्याजणी हसल्या. बसलेल्या झोपेत होत्या.

आता पैशांचं. अर्थशास्त्राची पुस्तकं म्हणतात की लांब राहणाऱ्याचा त्रास त्याला स्वस्त घरातून किंवा चांगल्या पगारातून भरून मिळतो, नाहीतर तो लांब राहिलाच नसता. विल्यम अलॉन्सोने 1964 मध्ये शहरातल्या जागेच्या किमतीचा सिद्धांत मांडला तो याच वळणाचा. ब्रुनो फ्राय आणि अलोइस स्टुट्झर या स्विस अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या वर्षानुवर्षांच्या पाहणीतले आकडे घेऊन हे तपासलं, आणि निघालं उलटंच: प्रवास जितका लांब तितके लोक आयुष्यावर कमी समाधानी. भरपाई पुरती होत नाही. मला ते वाचून आश्चर्य वाटलं नाही. मोठी खोली आठवड्याभरात सवयीची होते, गाडीची गर्दी अकरा वर्षांत झालेली नाही.

शिकागोची सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी ही संस्था घर परवडतं की नाही हे नुसत्या हप्त्यावरून ठरवत नाही. घर आणि प्रवास मिळून उत्पन्नाच्या 45 टक्क्यांच्या आत बसलं तर परवडलं, असं तिचं माप आहे. टक्का तुमच्याकडे वेगळा धरा, पण दोन्ही खर्च एकाच कागदावर लिहा. तुम्ही दोघं जाणार, म्हणजे पास दोन. स्टेशनपर्यंतचा रोजचा खर्च दोनदा. पाळणाघराचे तीन-चार तास जास्तीचे. शेवटची गाडी चुकल्यावर करावी लागणारी टॅक्सी. महिन्यात एकदा धरा, होतेच.

‘दोन वर्षांत नवी लाइन येतेय, मग काय, अर्धा तास!’ हे बिल्डर सांगेलच. लाइन येईलही. सीझर मार्चेत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने 1994 मध्ये, प्रवासाच्या सवयींचा अभ्यास केलेल्या याकोव्ह झहावीच्या कामाच्या आधारे, मांडलं होतं की माणूस दिवसाला साधारण तासभर प्रवासाला देतो, आणि वाहन वेगवान झालं की वेळ वाचण्याऐवजी शहर लांबवर पसरतं. आमच्या इथे तेच झालं. गाड्या वाढल्या, आमच्याही पुढे वस्ती झाली, आणि आता गाडी आमच्या स्टेशनात येते तीच भरून. पहिली दोन वर्षं मला बसायला मिळायचं.

पैशांत न मोजता येणारी एक गोष्ट आहे, ती मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर सापडली. ‘तातडीच्या वेळी पंधरा मिनिटांत येऊ शकेल अशी व्यक्ती.’ आम्ही दोघं पेन हातात घेऊन एकमेकांकडे बघत बसलो. आपल्या दोघांपैकी एकही नाही! शेवटी तळमजल्यावरच्या काकूंना विचारलं. ओळख म्हणजे जिन्यात हसण्यापुरती. त्या म्हणाल्या, “लिही की माझं नाव, मी कुठे जाते?” पुढे चार वेळा तापात मुलाला त्यांनीच घरी आणलं. एकदा मी पोहोचले तेव्हा तो त्यांच्या पलंगावर झोपलेला आणि काकू दाराशी बोटाने गप्प राहायची खूण करत उभ्या. तुमच्यापैकी एकाला जवळपास काम मिळत असेल, पगार थोडा कमी असला तरी, तर मी ते घ्या म्हणेन. नाहीतर घर बघताना आधी शेजार बघा, टाइल्स मागाहून.

आणि वस्तीबद्दल म्हणाल तर मला ती बरीच वर्षं माहीतच नव्हती. अंधारात निघायचं, अंधारात यायचं. तिसऱ्या वर्षी पाय मुरगळून घरी बसले, तेव्हा सकाळी अकरा वाजता खिडकीतून पाहिलं: समोरच्या झाडाला जांभळी फुलं येतात. खालच्या बाकावरच्या आजोबांनी विचारलं, “नवीन आलात का?” चांगली वस्ती आहे हो. शांत, मोकळी, मुलं रस्त्यात सायकल चालवू शकतात. रविवारी मी गच्चीवरून उतरत नाही.

तर घ्यावं का? चढउतार कमी असेल, शेजार असेल, तर घ्या. पण सहीच्या आधी पाच दिवस ते करून बघा. त्याच स्टेशनच्या आसपास भाड्याने महिनाभर राहता आलं तर उत्तमच. नाही जमलं तर आठवडाभर पहाटे तिथे जा आणि तिथून ऑफिसला निघा, सुट्टीच्या दिवशी नव्हे, कामाच्या. त्यात एक दिवस पावसाचा असू द्या आणि एक दिवस मुद्दाम शेवटच्या गाडीने परत या. दोघांनीही करा, वेगवेगळ्या दिवशी नको. वहीत चार रकाने पुरतात: कुलूप, फलाट, खुर्ची, आणि परतीला पुन्हा कुलूप.