कार्बनवरून शेलचं वय?

प्रश्न: कार्बन डेटिंग 50 हजार वर्षांपलीकडे चालत नाही ना, मग कोट्यवधी वर्षं जुन्या समुद्री शेलला, म्हणजे तळाचा चिखल दाबून बनलेल्या खडकाला, ते कसं लावतात?

उत्तर: तो कार्बन-14, तो संपून जातो. इथे कार्बन-12 आणि कार्बन-13 चं प्रमाण बघतात, कार्बनचे हे दोन्ही प्रकार स्थिर. साधारण 9.4 कोटी वर्षांपूर्वी समुद्रात ऑक्सिजन कमी पडला, मेलेलं प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) न कुजताच तळाच्या चिखलात गाडलं गेलं, आणि प्लवंग कार्बन-12 जास्त घेतं त्यामुळे पाण्यात 13 चा वाटा वाढला. इटलीत गुब्बिओजवळचा मीटरभर जाडीचा काळा बोनारेली थर घ्या नाहीतर कोलोरॅडोत पुएब्लोचे शेल-चुनखडीचे थर, कार्बन-13 च्या आलेखात तोच उंचवटा, म्हणून थर जुळवता येतात. पण नुसत्या उंचवट्यावरून वय मिळत नाही हं, ते अमेरिकेतल्या थरांमधल्या ज्वालामुखीच्या राखेवरून काढलंय, आणि जीवाश्मही ताडून बघावेच लागतात.