रबरी रोलरचं जुनं वॉशिंग मशीन रोजच्या कपड्यांना वापरता येईल का?

तुम्ही विचारलंय की रामबागेतल्या आजोबांच्या घरात कपडे पिळणारे दोन रबरी रोलर बसवलेलं जुनं वॉशिंग मशीन सापडलंय, मोटर फिरते, तर त्यात कपडे कसे धुवायचे.

बटण दाबण्याआधी मोटरवरची पट्टी वाचा. ११० व्होल्ट, ६० सायकल लिहिलं असेल तर मशीन अमेरिकन आहे आणि ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलंत तर मोटर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावूनही आपल्या ५० सायकलवर ती सहाव्या हिश्श्याने हळू फिरते आणि जास्त तापते, म्हणून मध्ये थांबत चला. वायर जुनी असेल तर वरून कितीही धड दिसली तरी बदलाच, आतलं रबर तडकलेलं असतं. अर्थिंगसह तीन पिनांचा प्लग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारं बटण, हवीच. मोरीतली ओली फरशी आणि धातूचा टब, यात तडजोड नको.

आता पाणी. टब साधारण ६०-७० लिटरचा असेल. आतल्या रेषेपर्यंत हाताला सोसेल इतकं गरम पाणी भरा आणि निचऱ्याची नळी तिच्या हुकात वर अडकवा. ती खाली पडली की धुणं चालू असतानाच टब रिकामा होतो. पावडर कमी फेसाची घ्या, अर्ध्या वाटीने सुरुवात करा आणि मशीन मिनिटभर फिरवून ती विरघळू द्या. मग कोरडे असताना ३ ते ४ किलो भरतील इतकेच कपडे टाका. ते खाली जाऊन पुन्हा वर येत राहिले पाहिजेत; एका जागी नुसते हलत असतील तर जास्त झाले. पांढऱ्यांना ८-१० मिनिटं, रंगीतांना ५-६. त्याहून जास्त घुसळून मळ निघत नाही, कापड तेवढं झिजतं.

बोरिंगच्या जड पाण्यात साबण फाटतो, म्हणून दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालतात. मात्र टब किंवा कपडे घुसळणारा मधला पंखा ॲल्युमिनियमचा असेल तर सोडा टाळा, धातू काळा पडतो आणि तो काळेपणा कपड्यांना लागतो. एक दिवसाआड नळ येणाऱ्या घरांना या मशीनचा खरा फायदा असा की एकाच साबणाच्या पाण्यात तीन घाणे निघतात: आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी आणि फडकी. प्रत्येक वेळी थोडी पावडर वाढवायची. खळबळायला शेजारी दोन टब ठेवा. पहिल्याचं पाणी गढूळलं की ते ओतून द्या, दुसऱ्याला पहिल्याच्या जागी आणा आणि ताजं पाणी फक्त शेवटच्या टबात भरा. नीळ त्यातच.

सगळं कौशल्य रोलरमध्ये कपडा घालण्यात आहे. रोलरचं डोकं फिरवून पुढच्या टबावर आणा आणि खटका बसल्याची खात्री करा. कपडा झटकून सरळ करा, बटणं आत घडी करून घ्या, चेन लावा. पातळ कड आधी, रोलरच्या पूर्ण रुंदीवर पसरून. मधोमध बोळा घातलात तर कडा ओल्या राहतात आणि रबर मध्येच झिजतं. उशीच्या अभ्र्याची बंद बाजू आधी घाला. उघडी बाजू आधी गेली तर आत पाणी आणि हवा कोंडून फुगा होतो. परकराची आणि पायजम्याची नाडी आत खोचा, ती हमखास रोलरला गुंडाळते. ब्लाउजचे हूक आणि जीन्सचे रिव्हेट रबर कापतात, ते कपडे हातानेच पिळा. नऊवारी लांबीच्या दिशेने चौपदरी करून घाला आणि दुसऱ्या बाजूने कोणीतरी ती हातात घेत राहू दे, नाहीतर ती फिरून परत आत शिरते. चंदेरी, माहेश्वरी यात घालूच नका.

कपडा गुंडाळला तर ओढू नका. आधी दाब सोडणारी पट्टी दाबा, मोटर बंद करा, मग रोलर उलटा फिरवून कपडा काढा. ही पट्टी रोज, कपडे घालण्याआधी, एकदा दाबून पाहायची. काही मशीनमध्ये ती दाबल्यावर दाब जातो पण रोलर फिरतच राहतात, हे लक्षात असू द्या. बोटांनी कपडा ढकलायचा नाही, लाकडी पट्टी वापरा. केस बांधलेले, पदर खोचलेला, ओढणी आणि बांगड्या काढलेल्या. मुलं मोरीत नकोत. हात आत गेलाच तर बाहेरून काही दिसत नसलं तरी डॉक्टरकडे जा, सूज नंतर वाढते.

कपडे ओलेच निघत असतील तर वरचा स्क्रू थोडा आवळा. तरीही फरक पडला नाही तर रबर कडक झालंय. कपड्यांवर काळे पट्टे आले तर रबर विरतंय किंवा बेअरिंगचं ग्रीस गळतंय. मोटर नुसती गुणगुणत असेल आणि तिला कपॅसिटर (सुरू व्हायला जोर देणारा भाग) असेल तर आधी तो तपासा. भार पडल्यावर पंखा मंदावत असेल तर पट्टा सैल असतो. नवे रोलर मिळाले नाहीत तर छापखान्याच्या रोलरांवर रबर चढवून देणाऱ्यांकडे चौकशी करा. जुने दोन्ही रोलर नमुन्याला द्या आणि रबर मऊ हवं हे बजावून सांगा, कारण कडक रबराखाली बटणं फुटतात.

धुणं झालं की रोलर साबणाच्या पाण्याने पुसा, पेट्रोल किंवा रॉकेलने नाही. आणि दाबाचा स्क्रू सैल करून ठेवा, नाहीतर रबर एका जागी चपटं होतं आणि पुढच्या वेळी दर फेऱ्याला तिथेच पाणी राहतं.