टस्की अपडेट करण्याआधी एवढं बघा

मॅस्टोडॉन हे सोशल नेटवर्क वाचायला अँड्रॉइडवरचं टस्की अ‍ॅप घेतलंत, छान केलंत. सगळ्या नवख्यांची गाडी एकाच ठिकाणी अडते: अ‍ॅप अपडेट केलं, तरी नवी सोय दिसत नाही. अ‍ॅप म्हणजे फक्त खिडकी. बऱ्याच सोयी सर्व्हरवर, म्हणजे तुमचं खातं जिथे आहे त्या संगणकावर, अवलंबून असतात. लिहिलेली पोस्ट दुरुस्त करणं मॅस्टोडॉन ३.५ मध्ये, मार्च २०२२ला आलं. सर्व्हर त्याहून जुना असेल, तर अ‍ॅप कितीही नवं असो, ते जमत नाही. म्हणून आधी ब्राउझरमध्ये तुमचा सर्व्हर उघडा. पानाच्या तळाशी आवृत्तीचा आकडा बारीक अक्षरात असतो.

दुसरं, आणि हे खरंच मनावर घ्या: टस्कीतले मसुदे फोनवरच राहतात, सर्व्हरवर जात नाहीत. अपडेटनंतर अ‍ॅप बिघडलं की लोक घाईने ते काढून पुन्हा टाकतात आणि अर्धवट लिहिलेलं सगळं जातं. फार जीव तुटतो तेव्हा! आधी मसुदे नोट्समध्ये चिकटवा, मगच काढा. नुसती कॅशे (तात्पुरत्या फाइली) साफ केली तर मसुदे जात नाहीत, ‘डेटा’ साफ केला की जातात.

अँड्रॉइडवर नव्या आवृत्तीवर जुनी बसत नाही, त्यामुळे मागे फिरणं अवघड. प्ले स्टोअरवर अ‍ॅपच्या पानावरचे तीन ठिपके दाबून आपोआप अपडेटची खूण काढा, चार दिवस थांबा, इतरांच्या तक्रारी वाचा.

तुम्ही कोणाकोणाला फॉलो करता त्या यादीची सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल मात्र आजच ब्राउझरमधून उतरवून ठेवा.