बर्फावरच्या जागतिक मोटारसायकल स्पर्धेत गाडी एवढी झुकूनही घसरत का नाही, आणि तिचे टायर सोलापूरच्या डांबरी रस्त्यावर वापरले तर काय होईल?

गाडी घसरत नाही, कारण तिच्या टायरमध्ये सुमारे 28 मिलिमीटर लांबीचे टोकदार पोलादी खिळे बसवलेले असतात आणि ते बर्फावर नुसते टेकत नाहीत, तर बर्फात रुततात. मी सोलापुरात विद्यार्थ्यांना वाहन अभियांत्रिकी शिकवतो आणि टायरची पकड समजावताना याच स्पर्धेचे उदाहरण घेतो. साध्या टायरची पकड रबर आणि रस्ता यांच्यातील घर्षणावर अवलंबून असते. येथे खिळा बर्फात शिरून त्यालाच रेटा देतो, त्यामुळे वळणावर डावे हँडल बर्फाला जवळजवळ टेकेपर्यंत स्वार गाडी झुकवू शकतो. मातीवरच्या स्पीडवेत, म्हणजे अंडाकृती मार्गावरच्या मोटारसायकल शर्यतीत, मागचे चाक मुद्दाम घसरवून वळण घेतात, बर्फावर मात्र ते घट्ट रुतवून, आणि माझ्या मते या खेळाचे खरे सौंदर्य याच फरकात आहे. शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने धावते, म्हणून सगळी वळणे डावीकडचीच असतात. गाडीला ब्रेक नसतो. मिथेनॉलवर चालणाऱ्या 500 सीसी इंजिनाचा वेग स्वार थ्रॉटलनेच सांभाळतो. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाची वैयक्तिक अजिंक्यपद स्पर्धा 1966 पासून होत आली असून रशियाच्या निकोलाय क्रास्निकोव्हने 2005 ते 2012 अशी सलग 8 विजेतेपदे मिळवली.

एक मर्यादा मात्र लक्षात घ्यावी: ही पकड केवळ जाड, टणक बर्फावरच मिळते. आपण विचारल्याप्रमाणे असे टायर सोलापूरच्या डांबरी रस्त्यावर वापरले, तर खिळे आत शिरणार नाहीत, रबर रस्त्याला टेकणार नाही आणि गाडी नेहमीपेक्षा लवकर घसरेल.