बोकडाच्या नळीची पूड केली, आता दिशा कुठून येणार?

प्रश्न : सर, मी एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट हाडातल्या क्रिस्टलच्या ओरिएंटेशनवर, म्हणजे ते कोणत्या दिशेने बसलेत त्यावर. मटणवाल्याकडून बोकडाची नळी आणली, उकळून साफ केली, खलात बारीक पूड करून एक्सआरडीला (एक्स-रे टाकून क्रिस्टलची रचना बघायची चाचणी) दिली. आलेखातल्या ००२ आणि ३१० या पीकचं (क्रिस्टलमधल्या अणूंच्या दोन वेगळ्या प्रतलांमुळे येणारे उंचवटे) गुणोत्तर २ च्या आसपास आलं. गाइड म्हणतात यात ओरिएंटेशन दिसतच नाहीये. मशीन बिघडलंय का? – एक विद्यार्थिनी, पाषाण, पुणे

उत्तर : मशीनला कशाला बोल लावतेस, ते खरं तेच सांगतंय! हाडातलं खनिज अपेटाइट जातीचं, हे एक्सआरडीनेच १९२६ साली डी याँग या संशोधकाने दाखवलं, आणि त्या खनिजाचे नॅनोमीटरमधले चपटे कण कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांना धरून बसतात, त्यांचा सी-अक्ष (क्रिस्टलचा एक ठरलेला अक्ष) धाग्याच्या दिशेने, म्हणजे नळीत मुख्यतः हाडाच्या लांबीच्या दिशेने. तू चटई कातरून चुरा केलास आणि आता विणीची दिशा विचारतेस. कण सगळीकडे तोंडं करून पडले की गुणोत्तर २ च्या आसपासच येणार, हायड्रॉक्सीअपेटाइटच्या (हाडातल्या खनिजाशी जुळणारं अपेटाइट) स्टँडर्ड एक्सआरडी कार्डावर ००२ ची तीव्रता ४० आणि ३१० ची २० आहे, बघून घे. पण ही पूड टाकू नकोस, तुलनेला हीच लागेल.

आता नवीन नळी आण, उकळू नकोस (कोलॅजनची वाट लागते), मांस-चरबी खरवडून काढ आणि डायमंड सॉवर पाणी सोडत हळूहळू दोन तुकडे काप, एक हाडाच्या लांबीला आडवा, एक उभा. पॉलिश करून होल्डरच्या कडेशी अगदी सपाट बसव, वरखाली झालं तर पीक सरकतं. नेहमीच्या मशीनवर पृष्ठभागाला समांतर असलेल्या प्रतलांचंच पीक मिळतं, आणि ००२ ची प्रतलं सी-अक्षाला काटकोनात, ३१० ची त्याला समांतर, म्हणून आडव्या कापात ००२ चढेल आणि उभ्यात पडेल, ३१० चं बरोब्बर उलटं. मशीनमधली एक्स-रे ट्यूब कॉपरची असेल तर ००२ साधारण २५.९ अंशाला येतं, ३१० चाळिसाच्या जरा अलीकडे, आणि खरी डोकेदुखी तिथेच, कारण हाडाचे पीक रुंद असतात आणि शेजारचं २१२ त्यात मिसळतं. तेव्हा नुसती उंची मोजू नकोस, बॅकग्राउंड काढून फिटिंग कर (वक्र बसवून पीक वेगळे कर) आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ घे. तेवढ्या दोन पट्ट्याच सावकाश स्कॅन केल्या तरी चालेल.

आणि कवटी किंवा जबडा घेऊन लगेच नळीशी ताडू नकोस. कवटीत कण हाडाच्या पत्र्यात आडवेतिडवे पसरतात, जबड्यात दाताजवळ चावण्याच्या जोराच्या दिशेने वळतात.

प्रश्न : आईची डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) झाली, ही एक्सआरडीची टेस्टही तिची करता येईल का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही हो, यासाठी हाडाचा तुकडाच काढावा लागतो. डेक्सा दर चौरस सेंटिमीटरला किती ग्रॅम खनिज आहे ते सांगतं, कण कुठे तोंड करून बसलेत ते नाही. आईंच्या औषधाचं ठरवायला डॉक्टरांना ही दिशा लागत नाही, डेक्साचा टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतला आकडा), वय, आधी हाड मोडलंय का, हे सगळं ते बघतात.