तुमचा प्रश्न : लंकेतला बेडूक आणि आमचं बाथरूम

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही श्रीलंकेला गेलेलो तेव्हा सिंहराजाच्या जंगलात गाईडने पानावर नखाएवढा बेडूक दाखवला आणि म्हणाला याला पाण्याची गरजच नाही, पिल्लू थेट बेडूकच होतं. हे खरंय का थापा मारत होता? आणि आमच्या साताऱ्यात बाथरूमच्या भिंतीला चिकटून बसतो तो पण हाच का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : थापा नाही हो, खरंच सांगितलंय त्याने. तिथल्या झुडपी बेडकांमध्ये टॅडपोल (पाण्यात पोहणारं शेपटीवालं पिल्लू) हा प्रकारच नसतो, बऱ्याच जातींची मादी ओल्या मातीत छोटा खड्डा करून अंडी घालते आणि मागच्या पायांनी त्यात माती कालवते, काही जाती मात्र पानाच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवतात, आणि मग अंड्यातून डायरेक्ट इवलासा बेडूक. पाणी लागत नाही पण ओल लागतेच, म्हणून जंगल तुटलं की हे गेलेच, १५ हून जास्त जाती आधीच नामशेष झाल्यात. सिंहराजा १९८८ पासून जागतिक वारसा आहे ते बरंय.

बाथरूमवाला वेगळा. तो आपला साधा झाडबेडूक, पाण्याच्या वर फेसाचं घरटं करतो, पिल्लं खाली पाण्यात पडतात. हाकलू नका बिचाऱ्याला, किडेच खातो. लंकेवाल्यांचे चुलतभाऊ बघायचेत तर पावसाळ्यात रात्री कास-ठोसेघरच्या बाजूला झुडपांत टिक टिक ऐकू येतं ते तेच, यांचंही सगळं अंड्यातच उरकतं. टॉर्च न्या, हात मात्र लावू नका.