आधी तानपुरा, मग पेटी

न्यू जर्सीत गाण्याचा वर्ग सुरू करते आहेस, फार बरं वाटलं. एक कळकळीनं सांगते: पहिले तीन-चार महिने मुलांना पेटीला हात लावू देऊ नकोस. तानपुरा लाव, ॲपवरचाही चालेल, आणि नुसता सा धरायला लाव. इथल्या मुलांच्या कानात पियानो बसलेला असतो. तानपुऱ्यातला गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरलेला असतो, पेटीवर तो सापडतच नाही. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून मात्र आपोआप ऐकू येतो. माझ्याकडची आठ वर्षांची एक मुलगी डोळे मिटून बसली होती, एकदम म्हणाली, "ताई, तारेत कुणीतरी ग म्हणतंय!" त्या दिवशी तिला भूप राग शिकवायला घेतला.

बंदिशी, म्हणजे रागात बांधलेली गाणी, देवनागरीतच लिहून दे; रोमनमध्ये 'त' आणि 'ट' एक होतात, उच्चार कायमचे बिघडतात. ऑनलाइन शिकवशील तेव्हा सोबत गायला लावू नकोस, आवाज उशिरा पोचतो. तू म्हण, मग त्यांनी. पालक गांधर्व मंडळाच्या परीक्षांचं लगेच विचारतील. दोन वर्षं थांबा म्हण.

आणि हिवाळ्यात खोलीत ह्युमिडिफायर ठेव. हीटरच्या कोरड्या हवेनं माझ्या तानपुऱ्याचा भोपळा तडकला, अजून हळहळते.